निष्क्रिय अवस्थेत संगणक बंद पडणे

निष्क्रिय अवस्थेत संगणक बंद पडणे हा डेस्कटॉप संगणकातील बिघाडाचा एक प्रकार आहे. यात संगणक चालू असतो, परंतु त्यावर वापरकर्त्याचे कोणतेही काम सुरू नसते. अशा वेळी तो अचानक गोठतो, आपोआप रीस्टार्ट होतो, निळा पडदा दाखवतो किंवा पूर्णपणे बंद होतो. जड काम करताना मात्र हाच संगणक तासन्‌तास सुरळीत चालू शकतो. कामाच्या ताणाखाली बंद पडणाऱ्या संगणकात दोष बहुधा उष्णतेचा किंवा अपुऱ्या वीजपुरवठ्याचा असतो. निष्क्रिय असताना बंद पडणाऱ्या संगणकात तो अनेकदा वीज वाचवणाऱ्या यंत्रणांमध्ये, म्हणजे निरनिराळे घटक झोपी जाण्याच्या आणि जागे होण्याच्या क्षणांमध्ये, आढळतो.

या बिघाडाचे निदान अवघड समजले जाते. दुरुस्तीच्या दुकानात केली जाणारी नेहमीची ताण चाचणी प्रोसेसरला सतत कामात गुंतवून ठेवते. त्यामुळे ज्या अवस्थेत दोष प्रकट होतो ती अवस्था चाचणीच्या काळात येतच नाही आणि संगणक ‘निर्दोष’ ठरतो. परिणामी चांगले सुटे भाग बदलले जातात, खर्च होतो आणि बिघाड कायम राहतो. प्रत्येक वेळी जतन न केलेले काम नष्ट होते. लेखन सुरू असतानाच वीज तुटल्यास डिस्कवरील फाइलींचीही हानी होऊ शकते.

== लक्षणे ==

‘बंद पडणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली अनेक वेगळ्या घटना मोडतात. निदानाची दिशा त्यांच्यातील फरकावर अवलंबून असते.

* गोठणे: पडद्यावरील चित्र तसेच राहते, घड्याळ थांबते आणि कॅप्स लॉकची कळ दाबूनही कीबोर्डवरील दिवा बदलत नाही. बोलीभाषेत याला संगणक ‘हँग होणे’ म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क किंवा ड्रायव्हर यांपैकी कोणताही घटक याला कारण असू शकतो.
* निळा पडदा: संचालन प्रणालीला दोष आढळला आणि तिने स्वतःहून काम थांबवले, असा याचा अर्थ होतो. अशा वेळी बहुधा दोषाचा क्रमांक आणि मेमरीची नोंद मागे राहते. त्यामुळे निदानाच्या दृष्टीने हा सर्वांत उपयुक्त प्रकार आहे.
* आपोआप रीस्टार्ट होणे: विंडोजमध्ये निळ्या पडद्यानंतर आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मुळातच चालू असते. त्यामुळे निळा पडदा क्षणभरच दिसतो किंवा नजरेतून सुटतो. ही सोय बंद केल्यावरही निळा पडदा न दिसता रीस्टार्ट होत असेल, तर संशय यंत्रसामग्रीवर जातो.
* पूर्णपणे बंद होणे: पंखे आणि दिवेही बंद होतात. एसएमपीएसने स्वसंरक्षणासाठी पुरवठा तोडला, घरातील वीज गेली किंवा कॅबिनेटवरील बटणात दोष आहे, अशा शक्यता यातून पुढे येतात.
* पडदा काळा राहणे: पंखे फिरत असतात, पण माउस हलवूनही चित्र येत नाही. यात संगणक चालूच असून केवळ ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटर जागा झालेला नसतो, असेही घडते. दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कद्वारे त्याच्याशी संपर्क होत असल्यास दोष चित्राच्या बाजूला आहे हे ठरते.

पुष्कळदा संगणक बंद पडलेला नसून ठरवलेल्या मिनिटांनंतर निद्रा अवस्थेत गेलेला असतो. पॉवर बटणाजवळचा दिवा मंद उघडझाप करत असल्यास ही शक्यता प्रथम तपासली जाते. निद्रेतून जागे न होणे हा स्वतंत्र बिघाड असून त्याचे निदानही वेगळ्या मार्गाने होते.

== निष्क्रिय अवस्थेचे स्वरूप ==

निष्क्रिय संगणक विश्रांती घेत असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ही अवस्था सतत बदलणारी असते. करण्यासारखे काम नसले की संचालन प्रणाली प्रोसेसरचा गाभा झोपवते. काही मिलिसेकंदांत, कधी त्याहूनही लवकर, घड्याळाचा ठोका, नेटवर्कवरून आलेला संदेश किंवा माउसची हालचाल त्याला जागे करते. हे चक्र एका सेकंदात शेकडो वेळा घडू शकते. प्रत्येक वेळी प्रोसेसरची विजेची मागणी क्षणात घसरते आणि क्षणात उसळते. पूर्ण भाराखाली मागणी मोठी असली तरी तुलनेने स्थिर असते. निष्क्रिय अवस्थेत ती लहान पण अत्यंत चंचल असते.

=== इतिहास ===

इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ या प्रोसेसरमध्येही काम थांबवून पुढील संकेताची वाट पाहण्याची ‘हॉल्ट’ ही आज्ञा होती. तरी डॉसच्या काळातील संगणक वाट पाहतानाही बहुधा रिकाम्या आवर्तनांत प्रोसेसर फिरवत ठेवत. १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम हे वीज व्यवस्थापनाचे मानक आणले. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे अधिक व्यापक मानक प्रसिद्ध केले. यामुळे वीज व्यवस्थापनाचे निर्णय बायोसकडून संचालन प्रणालीकडे आले. २०१३ पासून या मानकाची देखभाल यूईएफआय फोरम ही संस्था करते.

=== वीजबचतीच्या अवस्था ===

एसीपीआय मानकानुसार प्रोसेसरच्या विश्रांतीच्या अवस्थांना सी-अवस्था म्हणतात. सी० म्हणजे प्रत्यक्ष काम सुरू असलेली अवस्था. सी१ मध्ये प्रोसेसर थांबतो, पण तत्काळ जागा होऊ शकतो. क्रमांक वाढत जातो तशी झोप गाढ होते, वीज अधिक वाचते आणि जागे होण्यास अधिक वेळ लागतो. सी६ सारख्या अवस्थेत गाभ्यातील माहिती बाजूला साठवून त्याचा वीजपुरवठा जवळपास तोडला जातो. काम सुरू असतानाची वारंवारता व व्होल्टेज कमी-अधिक करणाऱ्या अवस्थांना पी-अवस्था म्हणतात. संपूर्ण संगणकाच्या अवस्था ‘एस’ या अक्षराने दर्शवल्या जातात. एस३ म्हणजे मेमरी जागी ठेवून घेतलेली निद्रा, तर एस५ म्हणजे बंद संगणक.

प्रोसेसरखेरीज डिस्क, ग्राफिक्स कार्ड, यूएसबी जोडण्या आणि पीसीआय एक्सप्रेस मार्गिका यांनाही स्वतःच्या विश्रांतीच्या अवस्था असतात. निष्क्रिय अवस्थेत हे सर्व घटक आपापल्या वेळापत्रकाने झोपतात व जागे होतात. त्यांपैकी एकाचेही जागे होणे फसले, तर संपूर्ण संगणक त्याची वाट पाहत गोठू शकतो.

== कारणे ==

=== वीजपुरवठा ===

भिंतीवरील विजेचे रूपांतर करून संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा करणाऱ्या भागाला भारतात सामान्यतः एसएमपीएस म्हणतात. एटीएक्स रचनेत या तिन्ही पुरवठ्यांना ५ टक्के कमी-अधिक होण्याची मुभा आहे. म्हणजे १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहणे अपेक्षित असते.

जुन्या किंवा स्वस्त रचनेच्या अनेक एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्टचे नियमन एकत्रितपणे होते. दोन्हींवरील भार संतुलित असेपर्यंत ही रचना ठीक चालते. प्रोसेसर गाढ झोपी जातो तेव्हा १२ व्होल्टवरील मागणी जवळपास नाहीशी होते, पण ५ व्होल्टवरील मागणी तशीच राहते. त्यामुळे १२ व्होल्टचा पुरवठा मर्यादेबाहेर चढू शकतो आणि संरक्षक परिपथ संगणक बंद करतो. एसएमपीएस पुरेशा वॅटचा आहे एवढ्याने ही शक्यता संपत नाही, कारण येथे प्रश्न कमाल भाराचा नसून किमान भाराचा असतो.

वय झालेले कॅपॅसिटर हे दुसरे कारण आहे. मागणीतील क्षणिक चढउतार झेलणे हे कॅपॅसिटरचे काम असते. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष इलेक्ट्रोलाइट असलेल्या कॅपॅसिटरांमुळे अनेक उत्पादकांचे मदरबोर्ड व एसएमपीएस अकाली निकामी झाले. हा प्रकार ‘कॅपॅसिटर प्लेग’ या नावाने ओळखला जातो. मदरबोर्डवरील कॅपॅसिटरचा माथा फुगलेला किंवा त्यातून तपकिरी द्रव झिरपलेला असल्यास तो निकामी समजतात.

=== प्रोसेसरचे व्होल्टेज ===

वेग वाढवण्यासाठी किंवा उष्णता कमी करण्यासाठी प्रोसेसरच्या मूळ व्होल्टेजमध्ये बदल केलेले संगणक या बिघाडाला विशेष बळी पडतात. व्होल्टेजमधून ठराविक वजावट केली, तर ती पूर्ण भाराच्या व्होल्टेजमधून होते तशीच सर्वांत कमी व्होल्टेजमधूनही होते. वरच्या टोकाला पचणारी वजावट खालच्या टोकाला प्रोसेसरची किमान गरजही भागू देत नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. हलके काम असताना आधुनिक प्रोसेसर एखाद्याच गाभ्याचा वेग काही क्षणांसाठी कमाल मर्यादेपर्यंत नेतो. सर्व गाभे एकाच वेळी राबत असताना उष्णता व वीज यांच्या मर्यादेमुळे हा वेग गाठलाच जात नाही. त्यामुळे बारा तासांची ताण चाचणी पार केलेला संगणक नुसती एखादी सूचना पडद्यावर येताना बंद पडू शकतो.

=== मेमरी ===

रॅममधील माहिती टिकवण्यासाठी तिला सातत्याने नवी उभारी द्यावी लागते. रॅमच्या सदोष पेशी, नीट न बसलेली पट्टी किंवा क्षमतेपेक्षा अधिक ठेवलेला वेग यांमुळे माहिती बदलू शकते. मेमरीचा दोष केवळ निष्क्रिय अवस्थेपुरता मर्यादित क्वचितच असतो. तरी बराच वेळ न वापरलेली माहिती अचानक वाचली गेल्यावर तो उघडकीस येतो. उत्पादकाने जाहीर केलेला ‘एक्सएमपी’ वेग हासुद्धा बहुधा मानक वेगापेक्षा अधिक असतो आणि प्रत्येक मदरबोर्डवर तो स्थिर राहतोच असे नाही.

दमट हवेच्या प्रदेशात, उदाहरणार्थ कोकण व गोव्यात पावसाळ्यात, धूळ आणि ओलावा यांमुळे पट्टीच्या संपर्कबिंदूंवर थर साचतो. ते खोडरबराने घासण्याची पद्धत भारतातील दुरुस्ती दुकानांत सर्रास आढळते. मात्र रबराचे कण खाचेत अडकू शकतात आणि अधिक घासल्याने मुलामा झिजतो. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे अधिक सुरक्षित असते.

=== साठवण साधने ===

हार्ड डिस्क काही काळ वापरली नाही तर तिची तबकडी थांबवली जाते, आणि ती पुन्हा वेग घेईपर्यंत संगणक वाट पाहतो. एसएसडी प्रकारच्या साधनांत फिरणारा भाग नसला, तरी त्यांचा नियंत्रक व जोडणीची मार्गिका झोपी जातात. ज्या डिस्कवर संचालन प्रणाली आहे तीच जागी झाली नाही, तर माउस काही काळ हलत राहतो, पण कोणताही प्रोग्राम उघडत नाही. त्यानंतर संगणक पूर्णपणे गोठतो. अशा वेळी नोंद लिहिण्याची जागाच हरवलेली असल्याने मागे कोणताही पुरावा राहत नाही. त्यामुळे नोंदीचा अभाव हाही एक धागा ठरतो.

=== ग्राफिक्स कार्ड, यूएसबी आणि ड्रायव्हर ===

ग्राफिक्स कार्ड निष्क्रिय असताना आपला वेग व व्होल्टेज खाली आणते. एकाहून अधिक मॉनिटर किंवा भिन्न वारंवारतेचे मॉनिटर जोडलेले असल्यास या बदलांत अडचणी येऊ शकतात. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये प्रतिसाद न देणारे ग्राफिक्स कार्ड ओळखून त्याला पुन्हा सुरू करण्याची यंत्रणा आहे. तिची मूळ कालमर्यादा २ सेकंद असते. पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत होणे हे या यंत्रणेने हस्तक्षेप केल्याचे चिन्ह असू शकते. नेटवर्क कार्ड व यूएसबी साधनांचे सदोष ड्रायव्हरही झोपेतून परतताना संचालन प्रणाली कोलमडवू शकतात.

=== पार्श्वभूमीतील कामे ===

वापरकर्ता दूर गेला की संचालन प्रणाली राखून ठेवलेली कामे हाती घेते. फाइलींची सूची तयार करणे, विषाणू तपासणी, डिस्कची निगा, अद्ययावतीकरण ही त्यांची उदाहरणे होत. विंडोज ८ पासून अशा कामांसाठी स्वयंचलित देखभालीची स्वतंत्र यंत्रणा आहे. त्यामुळे ‘निष्क्रिय असताना’ बंद पडलेला संगणक प्रत्यक्षात डिस्कचा एरवी न वाचला जाणारा, खराब झालेला भाग वाचत असू शकतो. त्रिमितीय स्क्रीन सेव्हरमुळेही ग्राफिक्स कार्डवर खरा भार पडतो.

=== बाह्य कारणे ===

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असतो. रात्री परिसरातील मागणी घटल्यावर काही ठिकाणी व्होल्टेज वाढते आणि नेमका त्याच वेळी संगणकही रिकामा असतो. सदोष अर्थिंग हेही अनाकलनीय रीस्टार्टचे कारण असू शकते. क्षणिक वीजखंड झेलण्याइतकी ऊर्जा एसएमपीएसमध्ये साठलेली असते. एटीएक्स मार्गदर्शिकेत ही क्षमता मोठ्या भारावर सुमारे १६ मिलिसेकंद अपेक्षिली आहे. भार कमी असताना हा साठा अधिक काळ पुरतो. म्हणून क्षणिक वीजखंडामुळे संगणक केवळ निष्क्रिय असतानाच बंद पडतो आणि कामात असताना तगतो, हे संभवत नाही.

== ज्ञात उदाहरणे ==

=== हॅसवेल आणि जुने एसएमपीएस ===

२०१३ मध्ये इंटेलने ‘हॅसवेल’ या रचनेचे प्रोसेसर बाजारात आणले. त्यांच्या सी६ आणि सी७ या गाढ अवस्थांमध्ये प्रोसेसरसाठीच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरील किमान मागणी ०.०५ अँपिअरपर्यंत खाली येऊ शकत होती. तोपर्यंतच्या एसएमपीएस मार्गदर्शिकेत हीच किमान मागणी ०.५ अँपिअर, म्हणजे दसपट, गृहीत धरली होती. त्यामुळे एसएमपीएसच्या उत्पादकांनी आपली कोणती साधने या प्रोसेसरांशी सुसंगत आहेत याच्या याद्या जाहीर केल्या. मदरबोर्डांच्या बायोसमध्येही या अवस्था बंद ठेवण्याची सोय देण्यात आली. कमी वीज वापरणे हेच संगणक बंद पडण्याचे कारण कसे ठरू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

=== रायझन आणि लिनक्स ===

एएमडीच्या २०१७ मधील पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरांवर लिनक्स वापरणाऱ्या अनेकांना संगणक निष्क्रिय असताना गोठण्याचा अनुभव आला. सी६ अवस्था बंद केल्यास हा त्रास अनेक संगणकांवर थांबत असे. पुढे बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय आला. तो ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवल्यास निष्क्रिय अवस्थेतील विजेची मागणी फार खाली जात नाही. प्रोसेसरला प्रतीक्षेत ठेवणाऱ्या ‘एमवेट’ या आज्ञेमुळे एखादा धागा अडकून राहू शकतो, असा दोषही एएमडीच्या दोषसूचीत नोंदवला गेला.

=== एनव्हीएमई डिस्क ===

एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नल ४.११ मध्ये एनव्हीएमई डिस्कांना स्वतःहून वीजबचतीच्या अवस्थांत जाऊ देणारी सोय चालू करण्यात आली. काही डिस्क या अवस्थांतून परत येत नसल्याचे आढळले. त्यामुळे विशिष्ट डिस्क व संगणकांच्या जोड्यांसाठी ही सोय मर्यादित करणारे अपवाद कर्नलमध्ये समाविष्ट करावे लागले.

== निदान ==

=== निष्क्रियतेशी संबंध आहे का ===

घरातील किंवा कार्यालयातील डेस्कटॉप दिवसाचा बराच वेळ रिकामाच असतो. चोवीस तास चालू असणारा संगणक रोज वीस तास रिकामा असेल, तर निष्क्रियतेशी काहीही संबंध नसलेला दोषही सहांपैकी सुमारे पाच वेळा रिकाम्या वेळीच प्रकट होईल. म्हणून दोषाचा निष्क्रियतेशी संबंध आहे, हे आधी सिद्ध करावे लागते.

यासाठी एक सोपी चाचणी वापरली जाते. संगणकावर हलके पण अखंड काम, उदाहरणार्थ पुनःपुन्हा चालणारी चित्रफीत, सुरू ठेवले जाते आणि बंद पडण्याच्या घटना मोजल्या जातात. त्या थांबल्या तर वीजबचतीच्या अवस्थांवरील संशय बळावतो. त्या तशाच सुरू राहिल्या तर मेमरी, डिस्क, बाह्य वीज यांकडे वळावे लागते.

=== पूर्वतयारी ===

कोणतीही चाचणी करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप दुसऱ्या साधनावर घेणे आवश्यक असते, कारण प्रत्येक नवी घटना डिस्कवरील माहितीला धोका निर्माण करते. त्यानंतर प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, शेवटच्या वापरानंतर गेलेला काळ आणि लक्षणाचा प्रकार यांची वही ठेवली जाते. संगणक दर वेळी नेमक्या तितक्याच मिनिटांनी बंद पडत असेल, तर ठराविक वेळेनंतर घडणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे मॉनिटर वा डिस्क बंद होणे, निद्रा किंवा नियोजित काम यांवर, संशय जातो. वेळा अनियमित असतील तर यंत्रसामग्रीचा दोष अधिक संभवतो.

=== संचालन प्रणालीच्या नोंदी ===

विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा घटनेनंतर ‘कर्नल-पॉवर’ या नावाची, ४१ क्रमांकाची नोंद आढळते. या नोंदीचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. एसएमपीएस सदोष असल्याचा तो पुरावा नव्हे. या नोंदीतील बगचेक क्रमांक शून्य असल्यास निळ्या पडद्याची नोंद होऊ शकली नाही, असे समजते. क्रमांक शून्य नसल्यास त्यावरून पुढे जाता येते. ‘डब्ल्यूएचईए’ या नावाच्या नोंदी यंत्रसामग्रीने स्वतः कळवलेल्या चुका असतात. त्यांत प्रोसेसरचा एकच गाभा वारंवार दिसत असेल, तर तो महत्त्वाचा धागा असतो. निळ्या पडद्याच्या वेळी जतन झालेल्या मिनीडंप फाइली विनडीबीजी या साधनाने वाचता येतात.

लिनक्समध्ये जर्नलसीटीएल या आज्ञेने मागील सत्राच्या शेवटच्या ओळी पाहता येतात. मात्र त्यासाठी नोंदी डिस्कवर कायमस्वरूपी ठेवण्याची सोय चालू असावी लागते. शेवटच्या ओळींत चुकीचा उल्लेख नसणे आणि नोंद मध्येच तुटणे हे अचानक गोठल्याचे किंवा वीज तुटल्याचे लक्षण आहे.

=== तपासणीचा क्रम ===

स्वस्त व सहज मागे घेता येणाऱ्या उपायांपासून महागड्या उपायांकडे जाणारा पुढील क्रम उपयुक्त ठरतो. एका वेळी एकच बदल केला जातो. दोन बदल एकत्र केल्यास उपाय सापडला तरी कारण सापडत नाही.

# वेग किंवा व्होल्टेजमधील सर्व बदल आणि एक्सएमपी रद्द करून बायोस मूळ स्थितीत आणणे.
# केबल, रॅमच्या पट्ट्या व कार्ड काढून पुन्हा नीट बसवणे, धूळ साफ करणे आणि कॅपॅसिटर पाहणे.
# भिंतीवरील दुसऱ्या सॉकेटवर, शक्य असल्यास यूपीएसवर, संगणक चालवून पाहणे.
# मेमटेस्ट८६ सारख्या साधनाने रात्रभर मेमरी तपासणे आणि डिस्कच्या स्मार्ट नोंदी पाहणे.
# बायोस, डिस्कचे फर्मवेअर आणि ड्रायव्हर अद्ययावत करणे.
# यूएसबी साधनांची, पीसीआय एक्सप्रेस मार्गिकेची आणि डिस्कची वीजबचत एकेक करून बंद करणे.
# बायोसमधून प्रोसेसरच्या गाढ सी-अवस्था बंद करणे.
# दुसऱ्या यूएसबी साधनावरून लिनक्सची चालती आवृत्ती सुरू करून संगणक रिकामा ठेवणे. तेथेही तो बंद पडल्यास मूळ संचालन प्रणालीवरील संशय बराच कमी होतो.
# उसना मिळालेला, नव्या रचनेचा एसएमपीएस लावून पाहणे.

विंडोजमधील ‘हाय परफॉर्मन्स’ ही योजना निवडणे म्हणजे सी-अवस्था बंद करणे नव्हे. ती प्रामुख्याने प्रोसेसरचा वेग खाली येऊ देत नाही, परंतु प्रोसेसर झोपी जाऊ शकतो. त्यामुळे या योजनेने फरक पडला नाही म्हणून वीजबचतीवरील संशय दूर होत नाही.

=== प्रतीक्षेचा काळ ===

या निदानातील सर्वांत सामान्य चूक म्हणजे उपाय लागू पडल्याचे घाईने ठरवणे. अनियमितपणे घडणारी घटना काही काळ आपोआपही थांबलेली दिसते. संगणक सरासरी तीन दिवसांतून एकदा, कोणत्याही ठराविक क्रमाशिवाय बंद पडत असेल, तर काहीही दुरुस्त न करता तो सलग तीन दिवस चालण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. सहा दिवस चालण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास आणि नऊ दिवसांची सुमारे ५ टक्के असते. म्हणून एखाद्या बदलानंतर सरासरी अंतराच्या किमान तिप्पट काळ संगणक निर्वेध चालल्याशिवाय तो बदल यशस्वी मानला जात नाही. बदल मागे घेतल्यावर बिघाड परत आला, तर कारणाची खात्री पटते.

दुरुस्ती दुकानातील तासाभराच्या तपासणीत हा बिघाड न सापडण्यामागे अनेकदा कौशल्याचा नव्हे तर वेळेचा अभाव असतो. वापरकर्त्याने स्वतः ठेवलेली नोंदवही सोबत दिल्यास तंत्रज्ञाला योग्य दिशा मिळते आणि वॉरंटीचा दावा करतानाही तिचा उपयोग होतो.

== उपाय आणि त्यांची किंमत ==

गाढ सी-अवस्था बंद करणे हा अनेकदा लागू पडणारा उपाय असला, तरी तो दोष दूर करत नाही, केवळ टाळतो. त्याची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते. निष्क्रिय संगणकाचा वापर १० वॅटने वाढला आणि तो वर्षभर अखंड चालू राहिला, तर सुमारे ८८ युनिट वीज अधिक खर्च होते. दिवसातून काही तासच चालणाऱ्या घरगुती संगणकाच्या बाबतीत ही वाढ नगण्य असते. शाळेच्या संगणक कक्षात किंवा कार्यालयात, जेथे अनेक संगणक सतत चालू असतात, तेथे एसएमपीएस बदलणे दीर्घकाळात स्वस्त पडू शकते.

संगणक वापरात नसताना तो रीतसर बंद करणे हाही एक मार्ग आहे. त्याने बिघाडाचा त्रास कमी होतो, पण दोष कायम राहतो. सदोष एसएमपीएस किंवा मेमरी पुढे कामाच्या वेळीही दगा देऊ शकते.

== सुरक्षितता ==

एसएमपीएसमधील कॅपॅसिटर वीज काढल्यानंतरही धोकादायक व्होल्टेज साठवून ठेवतात. त्यामुळे एसएमपीएसचे आवरण घरी उघडले जाऊ नये. कॅबिनेटमधील अन्य भाग हाताळण्यापूर्वी प्लग काढला जातो. हातातील स्थितिक वीज भागांना बाधू नये म्हणून प्रथम जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श केला जातो. अर्थिंगचे मापन विद्युत तंत्रज्ञाकडून करून घेणे इष्ट असते.

== हे सुद्धा पहा ==

* मदरबोर्ड
* एसएमपीएस
* बायोस
* संचालन प्रणाली
* यूपीएस